माइल्स सिटीची गवेषणा

कृष्णाकांठच्या एका लहानशा गांवीं आम्हीं अडतीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. वर्गांत ‘गवेषणा’ हा शब्द आला म्हणजे आमचें एक ठराविक व्याख्यान होत असे. गवेषणा म्हणजे आज संशोधन. परंतु मुळांत हा शब्द गो आणि एषणा यांपासून झालेला असून त्याचा पहिला अर्थ गाईचा शोध घेणें असा आहे, हें ऐकून मुलें हंसत आणि आम्हांस शिकविल्याचें समाधान वाटे. मग ओघानें गोत्र म्हणजे मूळचा गाईंचा वाडा, गोष्ठी म्हणजे मूळची गोठ्यावरची बैठक आणि दुहिता म्हणजे यास्काच्या एका व्युत्पत्तीप्रमाणें धार काढणारी, अशी माळ लागे. इतकीं वर्षें गाईच्या जिवावर आम्हीं व्याकरण रंगविलें. परंतु ‘मास्तर, तुमची स्वतःची गाय कोठें आहे?’ असें एकाही मुलानें विचारिलें नाहीं. विचारिलें असतें तर उत्तर देणें आम्हांस जड गेलें असतें. तें कां, हें पुढें सांगूं.

सेवानिवृत्तीनंतर दोन वर्षांनीं, 2019 सालच्या सप्टेंबरांत, पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां अमेरिकेंत मोंटाना प्रांतीं बोझमन या गांवीं गेलों. पुतण्या तेथील विद्यापीठांत संख्याशास्त्र शिकवीत होता आणि गुरांच्या वंशावळींचे हिशेब करण्यास पशुसंशोधकांस साहाय्य करीत होता. ऑक्टोबर लागल्यावर एके रात्रीं जेवतांना तो म्हणाला, “काका, पुढच्या आठवड्यांत मला माइल्स सिटीस जावयाचें आहे. तेथें सरकारी गोसंशोधन केंद्र आहे. तुमची गवेषणा अक्षरशः पाहावयाची असेल तर चला.” मग जरा थांबून म्हणाला, “मात्र आधींच सांगतों. तीं गुरें दुधाचीं नव्हत, मांसाचीं आहेत.”

पानावर बसलेली मंडळी गप्प झाली. आमच्या कुटुंबानें तूप वाढतां वाढतां विचारिलें, “जेथें गाय खाण्यासाठीं वाढवितात, तेथें जाऊन पाहावयाचें तें काय?” प्रश्न योग्यच होता. वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत या क्षणीं तोच आला असेल. आम्हीं त्यावर रात्रभर विचार केला. ज्या प्राण्याविषयीं आपण एवढें बोलतों, त्याची व्यवस्था दुसरे लोक कशी ठेवतात हें न पाहतांच तिची निंदा करणें शिक्षकास शोभत नाहीं, असें अखेर ठरलें. सकाळीं कुटुंबानें दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बांधून दिलें. तीच त्यांची संमति.

बोझमनहून माइल्स सिटी पूर्वेस सुमारे 290 मैल आहे. बिलिंग्ज शहर मागें पडलें कीं डोंगर क्षितिजाआड जातात आणि यलोस्टोन नदीच्या कांठाकांठानें रस्ता पिवळ्या गवताच्या ओसाड मुलुखांत शिरतो. मैलोगणती घर दृष्टीस पडत नाहीं. पाऊस वर्षाकाठीं सुमारे 340 मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशाहूनही कमी; उन्हाळ्यांत आपल्या देशावरच्यासारखें ऊन आणि हिवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरणारा. अशा भूमींत पीक येणें कठीण. आपोआप येतें तें गवत. गवत माणसास पचत नाहीं, गाईस पचतें. त्या मुलुखाचें सारें अर्थशास्त्र एवढ्या एका गोष्टींत आहे, हें आमच्या हळूंहळूं ध्यानांत आलें.

टंग नदी यलोस्टोनला मिळते त्या संगमापाशीं हें केंद्र आहे. त्याचें नांव फोर्ट किओ. नांवावरून दिसतें त्याप्रमाणें हा पूर्वीं लष्करी तळ होता. 25 जून 1876 रोजीं लिटल बिगहॉर्नच्या लढाईंत लाकोटा आणि शायेन लोकांनीं कस्टरच्या तुकडीचा निःपात केला. त्यानंतर त्याच वर्षीं जनरल माइल्स यांनीं येथें छावणी घातली. लढाईंत पडलेल्या कॅप्टन किओचें नांव पुढें तळास आणि माइल्स यांचें नांव शेजारच्या गांवास मिळालें. मूळच्या लोकांची भूमि गेली आणि तिच्यावर चरणारे रानगवेही गेले. 1883 च्या सुमारास उत्तरेकडील गव्यांचा शेवटचा मोठा कळप शिकाऱ्यांनीं संपविला. पुढें 1886 सालीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पेंढा भरून ठेवण्यासाठीं तरी कांहीं गवे मिळावेत म्हणून हॉर्नाडे नांवाचे गृहस्थ माइल्स सिटीसच आले होते. 1924 सालीं हा तळ कृषिखात्याच्या हातीं आला. क्षेत्र सुमारे 55,000 एकर. आपल्याकडील कित्येक गांवें त्यांत सहज मावतील.

गव्यांच्या जागीं गुरें आलीं. टेक्सासकडून हजारोंच्या संख्येनें हांकीत आणून तीं मोकळ्या रानांत सोडीत. गवत फुकट, कुंपण नाहीं, वैरण सांठविण्याची चाल नाहीं. 1886 चा उन्हाळा कोरडा गेला आणि पाठोपाठच्या हिवाळ्यानें बर्फाचा असा थर बसविला कीं गुरांस गवत उकरून काढतां येईना. कित्येक कळपांतील निम्म्याहून अधिक जनावरें वसंतापूर्वीं मेलीं. चार्ल्स रसेल नांवाचा तरुण गुराखी त्या वेळीं मोंटानांत एका कळपावर होता. मालकाकडून कळपाची विचारपूस आली, तेव्हां त्यानें टपालपत्राएवढ्या कागदावर एक चित्र काढून धाडलें : बर्फांत उभी असलेली, हाडें निघालेली एक गाय आणि तिच्याभोंवतीं टपलेले लांडगे. हाच रसेल पुढें मोठा चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आला. गुरें पाळणें म्हणजे गुरें सोडून देणें नव्हे, हा धडा त्या मुलुखानें त्या हिवाळ्यांत घेतला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां आम्ही केंद्रावर पोंचलों. आम्हांस सर्व दाखविण्यास जे गृहस्थ आले ते साठी उलटलेले, उन्हावाऱ्यानें रापलेले, सारा जन्म गुरांत घालविलेले होते. त्यांस येथें आपण गोपालक म्हणूं. पुतण्यानें आमची ओळख करून देतांना आमची जात सांगितली, तोंच गोपालक हंसून म्हणाले, “ब्राह्मण टेक्सासांत फार. इकडची थंडी त्यांना सोसत नाहीं.” आम्ही चमकलों. मग उलगडा झाला कीं, आपल्याकडील गीर, कांकरेज, ओंगोल आणि आमच्याच कृष्णाखोऱ्यांतील वंशाचीं गुरें मिळवून तिकडे वशिंडाची जी नवी जात तयार केली आहे, तिचें नांवच त्यांनीं ‘ब्राह्मण’ असें ठेविलें आहे. तिच्या पाळणाऱ्यांचा संघही 1924 सालापासूनचा आहे. यावर रागवावें कीं काय हें आम्हांस सुचेना. शेवटीं आम्हीही हंसलों आणि ओळख पक्की झाली.

गोपालकांनीं प्रथम आम्हांस गाय दाखविली नाहीं, वही दाखविली. आतां सर्व नोंदी संगणकांत जातात, तरी खिशांत मावेल अशी एक लहान वही ते जवळ बाळगीत. त्यांचें म्हणणें, कळपाची व्यवस्था ही मुळांत दिवसांची व्यवस्था आहे. गाय सुमारे 283 दिवस गाभण राहते. वर्षाचे 365 दिवस. गाईनें दर वर्षीं त्याच ऋतूंत व्यावें अशी इच्छा असेल, तर व्याल्यापासून 82 दिवसांच्या आंत ती पुनः फळली पाहिजे. त्यांतले पहिले कांहीं आठवडे तिचें शरीर सांवरण्यांत जातात. म्हणून वळू कळपांत ठेवावयाचे ते वर्षभर नव्हे, तर दीड-दोन महिनेच. असें केलें म्हणजे सारीं वासरें वसंतांत, कोंवळें गवत फुटण्याच्या सुमारास, थोड्या दिवसांच्या अंतरानें जन्मतात. आईला दूध अधिक लागतें त्याच वेळीं रानांत चारा उत्तम असतो. आणि राखणाऱ्यास डोळ्यांत तेल घालून बसावयाचे दिवसही मोजके राहतात. वळू वर्षभर कळपांत मोकळा असला तर एखादें वासरू ऐन बर्फांत जन्मावयाचें आणि गोठून जावयाचें.

वासरू जन्मलें कीं चोवीस तासांच्या आंत त्याचें वजन होतें, कानांत क्रमांकाचा बिल्ला बसतो आणि आईबापांचे क्रमांक वहींत चढतात. पुढें आईपासून तोडतांना पुनः वजन होतें. त्या वेळीं सर्व वासरांचें वय सारखें नसल्यामुळें, 205 व्या दिवशीं तें किती भरलें असतें असा हिशेब काढून मग तुलना करतात. गाईच्या अंगावरील मांसाचे 1 पासून 9 पर्यंत गुण मांडतात : 1 म्हणजे नुसता सांपळा, 9 म्हणजे अतिस्थूल. गाय वितांना 5 गुणांची असावी, पहिलारू 6 ची. बरगड्या, पाठीचा कणा, शेंपटीचें मूळ एवढ्यावर हात फिरविला कीं गुण ठरतो. आम्हांस त्यांनीं चार गाईंचे गुण देण्यास सांगितलें. आम्हीं सर्वांस एकेक गुण जास्त दिला. परीक्षकाची ती खोड आमच्यांत जुनीच आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅनडांतील एका गोपालकाच्या लक्षांत आलें कीं, गाभण गाईंस वैरण दिवसा न घालतां सायंकाळनंतर घातली, तर पुष्कळ अधिक गाई दिवसा वितात. पुढें निरनिराळ्या केंद्रांवर तें पडताळून पाहिलें, तों खरें निघालें. रात्रीं अंधारांत अडलेली गाय सोडविणें किती कठीण, हें ज्यानें कंदील धरला आहे त्यास सांगावयास नको. एवढ्याशा फेरफारानें गाईचे आणि माणसाचे किती हाल वांचले!

हें सर्व ऐकतांना आम्हांस राहून राहून कौटिल्याची आठवण होत होती. त्याच्या अर्थशास्त्रांत गोऽध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कळपांतील प्रत्येक जनावरास महिन्या-दोन महिन्यांत खूण करावी. खूण, रंग, शिंगांमधील अंतर वगैरे टिपून ठेवावें. म्हाताऱ्या, दुभत्या, गाभण, पहिलारू आणि लहान कालवडी यांचे वर्ग करावेत, असें सर्व तेथें आहे. वळूंचें प्रमाणही आहे : शंभर गाईंस चार. आम्हीं गोपालकांस विचारिलें, “आपल्याकडे एका वळूमागें गाई किती?” ते म्हणाले, “साधारण पंचवीस.” आम्हीं कागदावर भागाकार करून त्यांस दाखविला आणि दोन हजार वर्षांपूर्वींच्या आमच्या ग्रंथांत हेंच आहे असें अभिमानानें सांगितलें. ते खरोखर आनंदले. मग त्यांनीं सरळपणें विचारिलें, “मग तुमच्याकडे आजही अशीच वही ठेवतात ना?” आम्हीं विषय बदलला.

दुपारीं पुतण्याच्या कामाचा कळप पाहिला. अंग तांबडें, तोंड पांढरें, अशी ही हियरफर्ड जात. या कळपाचें नांव ‘पहिली ओळ’. 1934 सालीं दोन सावत्र भाऊ वळूंपासून तो सुरू झाला आणि तेव्हांपासून त्यांत बाहेरचें रक्त येऊं दिलेलें नाहीं. म्हणजे पंचाऐंशी वर्षें एकाच गोत्रांत विवाह! आपल्या शास्त्रकारांनीं सगोत्र विवाह वर्ज्य केला, आणि येथें तर गोत्र या शब्दाचा मूळ अर्थच कुंपण घालून पुढें उभा. अशा संबंधांनीं प्रजेची फळण्याची आणि जगण्याची शक्ति घटते हें त्या लोकांसही ठाऊक आहे. म्हणूनच कोणाची जोडी कोणाशीं घालावी याचा हिशेब अत्यंत सावधपणें करावा लागतो. त्यांतच पुतण्याच्या संख्याशास्त्राचें काम असे.

परंतु या दोषाचा एक विलक्षण उपयोग झाला. गाईच्या शरीराची आनुवंशिक संहिता प्रथम संपूर्ण वाचावयाची ठरलें, तेव्हां शास्त्रज्ञांनीं निवडली ती याच कळपांतील एक गाय. तिचें नांव डॉमिनेट, क्रमांक 01449. त्यांतील 01 म्हणजे जन्मसाल 2001. प्रत्येक प्राण्यांत संहितेच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. त्या दोहोंत फरक फार असले कीं वाचणारा गोंधळतो. डॉमिनेटच्या दोन प्रती पुष्कळशा सारख्या होत्या. संस्कृतज्ञांस हें चटकन् कळेल. भांडारकर संस्थेनें 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिचे बहुतेक कष्ट पाठभेदांचे होते. येथें पाठभेद कमी असलेली पोथी शोधून काढली, एवढेंच. 2009 च्या एप्रिलांत तें वाचन प्रसिद्ध झालें. पंचवीस देशांतील तीनशेंहून अधिक शास्त्रज्ञ त्यावर खपले होते, आणि सुमारे 22,000 जनुकें मोजण्यांत आलीं. गवेषणा या शब्दाचे दोन्ही अर्थ एका गाईच्या ठायीं असे एकत्र आलेले पाहून आमच्यांतील मास्तर तृप्त झाला. तेथूनच परतलों असतों तर हा लेख आनंदाचा झाला असता.

दुपार उतरतां उतरतां गाईंची तपासणी लागली. लोखंडी खोड्यांतून एकेक गाय पुढें येई, पशुवैद्य हातानें आणि यंत्रानें तपासून एकच शब्द उच्चारी : गाभण, किंवा रिकामी. गाभण गाय डावीकडच्या फाटकानें जाई, रिकामी उजवीकडच्या. एक नऊ वर्षांची गाय आली. आठ वेतें झालेली, एकही वासरू न गमावलेली. पशुवैद्य म्हणाला, “रिकामी.” गोपालकांनीं तिच्या पाठीवर क्षणभर हात ठेविला, वहींत लिहिलें, आणि उजवें फाटक उघडलें.

“आतां हिचें काय?” आम्हीं विचारिलें.

“पुढच्या आठवड्यांत लिलाव.”

“आणि मग?”

“मग मांस.” शब्द त्यांनीं गिळला नाहीं, आणि आमच्या डोळ्यांवरून डोळाही काढला नाहीं.

आम्हांस संताप आला. आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत आम्हीं त्यांस सांगितलें, “आमच्या देशांत गाय ही माता आहे. ती रिकामी राहिली म्हणून आम्ही तिला घराबाहेर काढीत नाहीं. ती मरेपर्यंत आम्ही सांभाळतों.”

गोपालक रागावले नाहींत. त्यांनीं वही उलगडली, पेन्सिल काढली आणि विद्यार्थ्यानें विचारावें तसें विचारिलें, “दांत झिजल्यावर तुम्ही तिला काय घालतां? आमच्याकडे तशा गाई हिवाळा काढीत नाहींत. तुम्ही कसें साधतां तें मला समजून घ्यावयाचें आहे.”

त्यांत उपरोध तिळमात्र नव्हता. एका धंद्यांतला माणूस दुसऱ्याकडून माहिती घेत होता. आम्ही गप्प राहिलों. म्हाताऱ्या गाईस काय घालतात हें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण आम्हीं कधीं घातलेंच नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं केंद्राजवळच्या एका उतारशाळेंत मुक्काम केला. त्याच दिवशीं कांहीं वासरें आयांपासून तोडलीं होतीं. रात्रभर रानांतून हंबरडे येत होते. एक थांबला कीं दुसरा उठे. आम्हांस झोंप येईना. आणि बत्तीस वर्षांपूर्वींची एक सायंकाळ डोळ्यांपुढें उभी राहिली.

आमच्या घरीं हरणी नांवाची गाय होती. ती 1973 सालीं आमच्याच गोठ्यांत जन्मली. तेव्हां आम्ही चौदा वर्षांचे. वडील होते तोंपर्यंत तिचें सर्व तेच पाहत. 1986 सालीं ते वारले. पुढच्या वर्षीं हरणी फळली नाहीं, दूध आटलें, मागचा एक पाय धरूं लागली. आमचा पगार थोडका, कडबा महाग, दिवसभर शाळा. एके दिवशीं बाजाराच्या गांवचा एक मनुष्य आला आणि म्हणाला, “मास्तर, द्या माझ्याकडे. पांजरपोळांत पोंचवितों.” आम्हीं त्याच्याकडून पैसे घेतले नाहींत, उलट वाटखर्चाला म्हणून दहा रुपये दिले. घरच्या रीतीप्रमाणें दावें सोडून ठेविलें आणि त्याच्या दोरानें त्यानें तिला नेली. ती वेशीपर्यंत गेली, वळून हंबरली, आणि आम्ही घरांत येऊन दुसऱ्या दिवसाचा पाठ काढीत बसलों. पांजरपोळ आमच्या गांवापासून अवघ्या वीस मैलांवर होता. तिची चौकशी करण्यास आम्ही एकदांही गेलों नाहीं. तो मनुष्य कोण, हें आम्हीं विचारिलें नाहीं. कारण उत्तर काय येईल याची आम्हांस कल्पना होती. आई दर सोमवारीं विचारी, “हरणीची कांहीं खबर?” आम्ही म्हणत असूं, “मजेंत आहे.” आई 1994 सालीं गेली. तोंपर्यंत सात वर्षें आम्ही हें उत्तर देत राहिलों.

पहांटे उठून आम्ही बाहेर आलों. एका लांब कुंपणाच्या एका बाजूस गाई आणि दुसऱ्या बाजूस वासरें उभीं होतीं. तारांमधून नाकाला नाक लागत होतें. गोपालक आधींच तेथें होते. त्यांनीं सांगितलें कीं, पूर्वीं वासरें एकदम दूर नेत. आतां पुष्कळ ठिकाणीं अशीं कुंपणापलीकडे ठेवितात. आई दिसते, तिचा वास येतो, फक्त पितां येत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 2003 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा वासरांचें हंबरणें कमी आणि पहिल्या दोन आठवड्यांत वाढलेलें वजन पुष्कळ अधिक आढळलें होतें. “दोन-तीन दिवसांत दोन्ही बाजू शांत होतात,” ते म्हणाले. “मला अजून पहिल्या रात्रीं झोंप लागत नाहीं.”

आम्हीं त्यांस सांगितलें कीं, काल आपण जें बोललों तें खरें नव्हतें. आणि हरणीची हकीकत सांगितली. त्यांनीं पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, “माझ्या आजोबांनीं गुरें भुकेनें मरतांना पाहिलीं होतीं. जानेवारींत उपाशी मरणारी गाय मी पाहणार नाहीं, एवढें मीं ठरविलें आहे. म्हणून ऑक्टोबरांत फाटक उघडतों. तें चांगलें आहे असें मी म्हणत नाहीं. पण मी कोणतें फाटक उघडलें हें लिहून ठेवतों.”

यांत त्यांच्या पद्धतीची प्रशंसा करावी असा आमचा हेतु नाहीं. आठ वासरें देणाऱ्या गाईस एका रिकाम्या वर्षापायीं उजवें फाटक दाखविणारा हिशेब आम्हांस पटला नाहीं, पुढेंही पटणार नाहीं. ज्या कौटिल्याचा आम्हीं तेथें अभिमान मिरविला, त्यानेंही वासरूं, वळू आणि धेनु अवध्य मानली, आणि रोगी, लुळ्या, दोहण्यास कठीण अशा गाईंचा एक निराळा वर्ग करून त्यांच्या पालनाची सोय सांगितली. परंतु त्यानें ती वर्ग करून, मोजून, पाळणाऱ्याचा वांटा ठरवून सांगितली. नुसती भावनेवर सोडली नाहीं. आमच्या राज्यांत 1976 च्या कायद्यानें गोवध बंद झाला. 2015 पासून बैल आणि वळू यांसही तें संरक्षण मिळालें. कायद्यानें मारणें थांबवितां येतें. चारणें कायद्यानें होत नाहीं. 2019 च्या पशुगणनेंत देशांत सुमारे 50 लाख मोकाट गुरें मोजलीं गेलीं. शहरांतील उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चघळणारी प्रत्येक गाय कोणाच्या तरी गोठ्यांतून निघालेली असते, आणि तिला सोडणारा पुष्कळदां आमच्यासारखाच, हात जोडून, तोंड फिरवून घरांत गेलेला असतो.

परत आल्यावर आम्ही प्रथम त्या वीस मैलांवरच्या पांजरपोळांत गेलों. बत्तीस वर्षांपूर्वींच्या नोंदी अर्थातच नव्हत्या. चालू वर्षाच्याही नव्हत्या. जनावरें आहेत किती, एवढेंच कोणी निश्चित सांगूं शकेना. मंडळी मनानें चांगलीं, परंतु सर्व गुरें एकाच आवारांत. धट्टीकट्टी गव्हाणीवर तुटून पडत आणि म्हाताऱ्या मागें उभ्या राहत. वळूही त्यांतच मोकळे, त्यामुळें जेथें आहेत त्यांसच चारा पुरेना तेथें दर वर्षीं वासरांची भर. आम्हीं विचारून परवानगी घेतली, आणि दोन जुन्या विद्यार्थ्यांस हाताशीं धरून एक वही घातली. मोजतां त्रेसष्ट जनावरें भरलीं. प्रत्येकाच्या कानांत बिल्ला घातला. रंग, शिंगें, अंदाजें वय आणि अंगावरचे गुण लिहिले. प्रथम तीनच गोष्टी केल्या : वळू वेगळे बांधले, ज्यांचे गुण 3 च्या खालीं, त्यांची गव्हाण निराळी केली, आणि दांत झिजलेल्यांस कडबा बारीक कुटून, भिजवून, त्यांत पेंड घालून देऊं लागलों. गोपालकांच्या प्रश्नाचें उत्तर अशा रीतीनें मिळालें, तें आम्हीं पुतण्याकडून त्यांस कळविलें. आतां आम्ही दर सोमवारीं तेथें जातों. गुण देण्यांत एक जास्त देण्याची आमची खोड पुष्कळ कमी झाली आहे.

वाचकांपैकीं पुष्कळजण वर्षश्राद्धास, वाढदिवसास किंवा वसुबारसेस एखाद्या गोशाळेस देणगी पाठवितात. ती अवश्य पाठवावी. मात्र पुढच्या वेळीं पावतीबरोबर एवढें विचारावें कीं, आपल्याकडे प्रत्येक गाईची वही आहे काय, आणि म्हातारीला काय घालतां? जेथें हे प्रश्न नीट उत्तरले जातात, तेथें आपला पैसा गाईच्या मुखीं जातो असें समजण्यास हरकत नाहीं.

आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर गेलेल्या जनावरांसाठीं दोन रकाने आहेत. ते कौटिल्याचेच. ‘नष्ट’ म्हणजे चोरीस गेलेलें किंवा दुसऱ्या कळपांत मिसळलेलें, जें शोधल्यास सांपडूं शकेल. आणि ‘विनष्ट’ म्हणजे जें आतां परत येणें नाहीं. त्या पानावर पहिल्या ओळींत आम्हीं हरणीचें नांव, रंग आणि जन्मसाल लिहून ठेविलें आहे. 1987 सालींच आम्ही शोधावयास निघालों असतों, तर कोणत्या रकान्यांत खूण करावयाची तें आम्हांस ठाऊक असतें. अजून दोन्ही रकाने कोरेच आहेत.